आरशावरचं भस्म

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. विळी, पाना, शिलाई मशीन, स्कूटर, जे जे राबतं त्याला हळदकुंकू लागतं. कोऱ्यांचं घर लिंगायतांचं, त्यामुळे तिथं जोडीला भस्मही लागतं. त्यात महादेवप्पा कोरे असे, की पाण्याची मोटर चालू करण्याआधीही तिला हात जोडतील. तेव्हा त्यांनी भस्म लावलं यात त्यांचं काही चुकलं नाही. फक्त ज्या वस्तूला लावलं, ती वस्तू त्यांच्या मुलाच्या दुर्बिणीचा आरसा होती.

मुलगा म्हणजे शिवपुत्र. वय त्रेपन्न, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पोरं त्याला कोरे सर म्हणतात. पावसाळाभर झाकून ठेवलेली दुर्बीण दसऱ्यानंतर बाहेर काढायची, ही त्याची जुनी रीत. सोलापूरचं आभाळ तेव्हा कुठं स्वच्छ होतं. यंदा त्यानं दोन दिवस आधीच नळी उघडली, तळाचा ताटाएवढा आरसा काढून धुतला आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर कापड टाकून वाळत ठेवला. घरात कुणाला बजावून सांगितलं नाही. खंडेनवमीला तो पेपर तपासायला कॉलेजात गेला. इकडे महादेवप्पांनी पूजेचं ताट घेतलं, काठी टेकत घरभर फिरले, आणि टेबलाजवळ येऊन कापड उचललं. भस्म पाण्यात कालवून तीन बोटांनी आरशाच्या मधोमध आडवे पट्टे ओढले, फूल ठेवलं आणि कापड पुन्हा नीट घातलं. माणूस व्यवस्थित.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं वाटून आल्यावर शिवपुत्रानं कापड काढलं. कापूस भिजवून हलक्या हातानं भस्म पुसलं. भस्म गेलं, पट्टे राहिले. आरशाच्या काचेवर चांदीसारखा दिसतो तो ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, केसाहूनही कितीतरी पातळ. ओली राख त्याला खाते. तीन बोटांच्या जागी आता नुसती काच होती आणि तिच्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

त्याची बायको प्रेमला दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो खुर्चीत बसला तो बसलाच. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं, आणि शिवपुत्राच्या अंगात बऱ्याच दिवसांपासून काही शिल्लक नव्हतं.

त्याला कारण रात्री. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून महादेवप्पांची झोप उडाली होती. दिवसा खाटेवर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे आणि घर निजलं की टक्क जागे. मग हाका सुरू व्हायच्या. "शिवा, खिडकी लावली का रं?" लावलेली असायची. "शिवा, फाटकात कोण हाय बग." कुणी नसायचं. "शिवा, किती वाजलं?" घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर. डॉक्टरांनी गोळी दिली, तिनं दिवसाच्या डुलक्या तेवढ्या वाढल्या. प्रेमला दिवसभर त्यांचं खाणंपिणं, आंघोळ, औषध बघायची, तेव्हा रात्र आपली, असं शिवपुत्रानं स्वतःच ठरवून घेतलं होतं. त्यात मध्येच पाणी यायचा दिवस असला की टाक्या भरायला उठायचं ते वेगळंच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सकाळी वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना फळ्याला टेकून तो क्षणभर डोळे मिटायचा, आणि मागच्या बाकांवरची पोरं त्याची वेळ मोजायची.

तरी एवढं सगळं जाऊन त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे आभाळाचे फोटो. आणि गेल्या हिवाळ्यात त्यानं एकही फोटो काढला नव्हता.

नळी वजनाला भरलेल्या सिलेंडरला भारी. ती गच्चीवर चढवायला दोन माणसं लागायची. एक शिवपुत्र, आणि दुसऱ्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागायची. स्टँड हातानं ढकलायचा. तारे सरकतात तशी दुर्बीण सरकवत राहावी लागते, नाहीतर फोटोत ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. त्यानं एकदा मोटर बसवून पाहिली, ती थंडीत अडायची. नुसता डोळा लावून बघायला ती दुर्बीण सोन्यासारखी होती. फोटोसाठी मात्र तिच्यामागं रात्र जाळावी लागायची, आणि रात्र आता त्याची राहिली नव्हती.

आता रस्ते दोन होते. एक म्हणजे आरसा पुण्याला पाठवून नवा मुलामा चढवून आणायचा, खाली चांगला मोटरवाला स्टँड घ्यायचा आणि आहे तीच दुर्बीण सुधारायची. दुसरा म्हणजे ती काढूनच टाकायची आणि हल्ली निघाली आहे तसली लहानशी, आपलं आपण तारे शोधून फोटो काढणारी दुर्बीण आणायची. मनातून त्याला दुसरी हवी होती. पण ते कबूल करायला जीभ उचलत नव्हती, कारण तो आरसा दुकानातला नव्हता.

शिवपुत्र बारावीत होता तेव्हा महादेवप्पांची मिल बंद पडली. सोलापुरातल्या पुष्कळ घरांची तेव्हा तीच गत झाली. जन्मभर माग चालवलेला माणूस, एका सोमवारी सकाळी डबा हातात घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला. त्यानंतर घरात नुसता बसून असायचा. त्याच दिवसांत शिवपुत्रानं कॉलेजच्या एका सरांकडून जाड काचेच्या दोन गोल चकत्या आणल्या होत्या. दुर्बिणीचा आरसा घरी करतात तो असा: पिंपावर एक चकती ठेवायची, मध्ये काच घासायची ओली भुकटी घालायची आणि वरची चकती तिच्यावर मागं-पुढं घासत पिंपाभोवती हळूहळू फिरायचं. महिनोन्‌महिने. हळूहळू वरची काच खोलगट होते. पोराचे हात चार दिवसांत दुखायला लागले. मग बाप उठला. "दे हिकडं," म्हणाला. त्या उन्हाळ्यात अंगणातल्या पिंपाभोवती महादेवप्पा इतके फिरले, की मातीत वाट पडली. शेजारच्या शरणम्मा विचारायच्या, "अण्णा, कुठल्या देवाला प्रदक्षिणा?" त्यावर ते हसायचे. मिल बंद पडल्यापासून शिवपुत्रानं त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

म्हणून अडलं होतं. बापाच्या हातांनी केलेली शेवटची वस्तू ही. ती अडगळीत टाकून तिच्या जागी डबीएवढं यंत्र आणायचं, म्हणजे म्हाताऱ्याला तोंडावर सांगायचं की तुमचं काम आता संपलं. एकदा मिलच्या फाटकानं ते सांगून झालं होतं. आपण दुसऱ्यांदा कसं सांगायचं? आणि नाही सांगावं, तर आपल्याच्यानं आता ती नळी उचलणं व्हायचं नाही, हेही त्याला पक्कं माहीत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"मुलामा करून आणा की," प्रेमला म्हणाली. ती शेंगा निवडत बसली होती. "आणि मग ती उचलायची कोणी, ते मला सांगा. मागच्या खेपेला कंबर धरली तेव्हा चार दिवस मीच शेक देत होते."

"मग नवीन घेऊ म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. तुम्ही आठ दिवस झाले अप्पांशी धड बोलला नाहीत, तेवढं मला दिसतंय. त्यांना वाटतंय त्यांच्या हातून काहीतरी मोठं झालं."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"तुमच्या तोंडानं," प्रेमला म्हणाली. "सांगायला काय बोलावंच लागतं?"

हे खरं होतं, आणि लागायचं तिथं लागलं. शिवपुत्र उठून बापाच्या खोलीत गेला. महादेवप्पा खाटेवर बसून पंख्याकडे बघत होते.

"अप्पा, जेवलात?"

"जेवलो की." त्यांनी नजर पंख्यावरून खाली आणली. "शिवा, मी भस्म लावलं त्यानं आरसा बिगडला का रं?"

शिवपुत्राला खोटं बोलता आलं असतं. पण बापानं इतकं सरळ विचारल्यावर त्याच्यानं ते होईना.

"वरचा मुलामा थोडा गेला. पण फोटोत ते पट्टे दिसत नाहीत, अप्पा. आरशावरचा डाग फोटोत उमटत नसतो. थोडा उजेड कमी येतो, एवढंच."

हे शास्त्राला धरून होतं. म्हणजे दुर्बीण न वापरण्याचं खरं कारण भस्म नव्हतंच. भस्मामुळं फक्त एक कारण पुढं करायची सोय झाली होती. बोलता बोलता हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"व्हय?" म्हातारा म्हणाला. "मग तोंड कशाला पाडून बसलाईस?"

"झोप नाही, अप्पा," शिवपुत्र म्हणाला. कधी बोलायचं नाही असं ठरवलेलं वाक्य होतं, पण निसटलं. त्या रात्री हाका कमी आल्या. म्हातारा काळोखात जागाच होता, खाट कुरकुरत होती, आणि मुलगा पलीकडच्या खोलीत हाक येईल म्हणून जागा होता. दोघांचीही झोप गेली ती गेलीच.

त्या शनिवारी युवराज आला. युवराज म्हणजे अकलूजच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर, शिवपुत्रापेक्षा पुष्कळ लहान, आभाळाच्या नादानं झालेला दोस्त. लग्नाला सोलापुरात आला होता. पाठीवरच्या पिशवीतून त्यानं एक वस्तू काढली. प्रेमलाला वाटलं, नवीन तऱ्हेचा कुकर आहे.

"हीच ती, सर. मी वर्षभर वापरतोय. तुमच्याकडं आठ दिवस ठेवून जातो, बघा आणि मग ठरवा. माझं ऐकाल तर जुनीच्या फंदात पडू नका. आरसा सुधाराल, मग स्टँड नडेल. स्टँड घ्याल, मग नळी वाकेल. फाटक्या धोतराला ठिगळं लावण्यातली गत."

"त्या धोतराचा मालक आत बसलाय," शिवपुत्र हळूच म्हणाला. युवराजनं जीभ चावली.

दिवेलागणीला त्यानं ते यंत्र गच्चीवर नेऊन ठेवलं, एका हातानं. बॅटरीला वायर जोडली, टॅबवर दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि खाली आला. यंत्र वर आपलं आपण मान वळवून देवयानी दीर्घिका, म्हणजे फार दूरचा ताऱ्यांचा एक प्रचंड समूह, शोधत होतं. शिवपुत्राला आपल्या आयुष्यातल्या सगळ्या थंड रात्री आठवल्या, ती दीर्घिका हातानं शोधण्यात गेलेल्या. त्याला थोडं फसवल्यासारखं वाटलं.

महादेवप्पांना जिना चढवत नव्हता, म्हणून टॅब त्यांच्या खाटेपाशी नेला. पडद्यावर आधी नुसता काळा चौकोन होता, त्यात मीठ सांडल्यासारखे ठिपके. मग दर थोड्या वेळानं चित्र जरा उजळायचं. मध्ये एक धुरकट डाग आला. डाग लांबट झाला.

"हे कुटं हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आभाळात, अप्पा. यंत्र वर गच्चीवर आहे."

"आन् तुमी हितं?"

"व्हय की," युवराज हसून म्हणाला. "ते एकेक फोटो काढतं आणि एकावर एक चढवतं. जितके चढतील तितकं चित्र दाट होतं. रात्रभर चालू ठेवलं तर बघायलाच नको."

महादेवप्पा वाकून बघत राहिले. "म्हंजे कापडागत. एक धागा, मग दुसरा."

"अगदी तसंच."

"मग मानसानं काय करायचं?"

"मानसानं झोपायचं, अप्पा," युवराज म्हणाला.

शिवपुत्र भिंतीकडे बघत होता. नको तो प्रश्न नको त्या तोंडून आला, असं त्याला वाटलं. आता म्हातारा आरशाचं विचारणार.

"मग हेच घे," महादेवप्पा म्हणाले.

"अप्पा, पण तो आरसा..."

"आरशाचं काय?"

"तुम्ही केलेला आहे तो. एवढा उन्हाळाभर घासून."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू मुलगा अजून बारावीतच आहे. "अरे खुळ्या, मला काम न्हवतं म्हनून घासला. त्या टायमाला तू पाटा आनला असतास तर पाटा घासला असता. घरात बसून डोकं फिरायची पाळी आली हुती. हाताला कायतरी पायजे हुतं. तुला काय वाटलं, मी त्या काचंत जीव ठिवलाय? तुज्या डोळ्याखाली काळं आलंय, ते दिसतंय मला. हे घे आन् झोप."

इतके दिवस ज्याच्या मनाला जपायचं म्हणून शिवपुत्र अडून बसला होता, ते मन भलतीकडेच होतं. डोळे भरून आले ते लपवायला तो टॅबची वायर उगीच सारखी करू लागला.

एवढ्यात पडद्यावर लाल खूण आली आणि चित्र थांबलं.

"ह्याला काय झालं?" महादेवप्पा दचकले.

"ढग आला असेल. यंत्राचा नेम चुकला." युवराजनं हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. "हे दाबलं की परत शोधून चालू होतं. लाल आलं की थोडं थांबायचं, मग हिरवं दाबायचं. बस."

"मी दाबू का?"

"दाबा की."

म्हाताऱ्यानं आधी बोट धोतराला पुसलं. मग दाबलं. लगेच काही झालं नाही, तेव्हा त्यांनी युवराजकडे संशयानं बघितलं. थोड्या वेळानं लाल खूण गेली आणि चित्र पुन्हा चालू झालं. "चाललं," ते म्हणाले. एवढाच शब्द, पण प्रेमला तो ऐकून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

जेवणं झाली. युवराज लग्नघरी मुक्कामाला गेला. शिवपुत्र यंत्र बंद करायला म्हणून टॅब घ्यायला खोलीत आला, तर महादेवप्पांनी तो उशीला टेकवून समोर उभा केला होता, चष्मा चढवला होता आणि पाठीमागं दोन उशा घेऊन ताठ बसले होते.

"बंद नगं करू. ते प्वार म्हनलं ना, रातभर ठिवलं तर चांगलं येतं."

"अप्पा, तुम्ही जागं राहणार?"

"मी कवा झोपतोय?"

शिवपुत्रानं पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला, खिडकी लावली आणि आपल्या खोलीत येऊन पडला. कान नेहमीसारखे त्या दारापाशी ठेवले होते. आता हाक येईल, मग येईल, असं म्हणत असतानाच त्याचा डोळा लागला.

उठला तेव्हा भिंतीवर ऊन आलं होतं. त्याला आधी कळेचना की काय चुकलंय. मग कळलं. रात्रभर हाक आली नव्हती. एकदाही नाही. तो तसाच अनवाणी धावत बापाच्या खोलीत गेला.

महादेवप्पा बसले होते. डोळे तांबारलेले, चष्मा नाकावर घसरलेला, पण चेहरा असा, की शिवपुत्राला तो ओळखायला वेळ लागला. कितीतरी वर्षांपूर्वी, डबा घेऊन घरी येणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. दमलेला आणि समाधानी. टॅबच्या पडद्यावर देवयानी दीर्घिका भरून आली होती. मध्ये पिवळसर उजेड, भोवती धुळीचे काळे पट्टे स्पष्ट. शिवपुत्राला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते तिथं होतं.

"दोन-तीनदा थांबलं," म्हातारा म्हणाला. कामावरून उतरणारा माणूस पुढच्याला सांगतो तसं सांगत होता. "एकदा लई वेळ लाल हुतं. मला वाटलं तुला उठवावं. मग म्हनलं नगं. ढग गेल्यावर दाबलं, तवा चाललं. पहाटेपातूर मग काय अडचन न्हाय. आता उजेड आला म्हनून ते आपलं आपून बंद झालं."

"तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"काम चालू हुतं न्हवं."

शिवपुत्र खाटेच्या कडेला बसला. या दोन वर्षांत आपण डॉक्टरांना काय काय सांगत होतो ते त्याला आठवलं. वय झालंय, आई गेल्याचा धक्का आहे, झोपेचा आजार आहे. हाताला कायतरी पायजे, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि या खेपेला त्यानं ते लपवलं नाही. बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रेमला चहा घेऊन आली. महादेवप्पांनी बशीत ओतून दोन घोट घेतले, चष्मा काढून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"दुपारपातूर मला उठवू नगा," ते म्हणाले. "रातच्याला परत बसायचं हाय."